नवरा जर्मनीला, समुद्र माझ्या गळ्यात

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. चार पानी होतं, ओळख पटेल असं सगळं काढून सार देतोय.

ताई चौतिशीच्या, बँकेत नोकरीला, घरी सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नवऱ्याने २०२२ साली हॉलमध्ये तीन फुटी रीफ टँक लावला, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, कोरलवाला (कोरल म्हणजे प्रवाळ). या जानेवारीत तो कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी जर्मनीला गेला. जाताना म्हणाला, "सगळं ऑटोमॅटिक आहे, तू फक्त टॉपअप कर आणि खायला घाल." टँकमध्ये क्लाउनफिशची जोडी, एक ब्लू टँग, एक ब्लेनी हे मासे, एक क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी), शिवाय लेदर, मशरूम, झोआ ही मऊ कोरल आणि एक हॅमर हे कडक कोरल. मार्चमध्ये ताईंनी आठवडाभर टॉपअपला, म्हणजे उडून गेलेलं पाणी भरायला, मीठ घातलेलं पाणी वापरलं. मेमध्ये वादळात झाड पडून सात तास लाइट गेली आणि अँथियास नावाचा आणखी एक मासा होता तो मेला. आता दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ वाढलंय. मोठी क्लाउन वेड लागल्यासारखी मागची काच तोंडाने पुसत बसते. नवऱ्याला रोज रात्री नऊ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर अल्कलिनिटीचं, म्हणजे कोरलला लागणारं कार्बोनेट पाण्यात किती आहे याचं, रीडिंग लागतं. सासूबाई म्हणतात की लाइटबिल आणि पाप दोन्ही वाढतंय. शेवटी लिहिलंय, "आणि काल सकाळी श्रिंपही मेलेला दिसला, फोटो पाठवतेय. त्याचा टँक बंद केला तर त्याचं स्वप्न मोडल्यासारखं होईल, चालू ठेवला तर माझ्या हातून एकेक जीव जातोय. काय करू?"

ताई, आधी श्रिंप. तो मेलेला नाहीये.

फोटो मोठा करून नीट बघितला. पाठीच्या बाजूला चीर गेलीय, आतून पोकळ आहे आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या पारदर्शक टोप्या आहेत. ती कात आहे. श्रिंप वाढतो तसा दर काही आठवड्यांनी जुनं कवच टाकतो आणि नवीन कवच कडक होईपर्यंत एखादा दिवस दगडाच्या सापटीत लपून बसतो, कारण त्या वेळी त्याला कोणीही खाऊ शकतं. हे छापून येईपर्यंत तो बाहेर येऊन ब्लू टँगच्या अंगावरून फिरायला लागला असेल बहुतेक. माझ्याकडे पहिल्यांदा झालं तेव्हा मी त्या कातीला गॅलरीतल्या कुंडीत पुरलं होतं, बायकोने वर जास्वंदीचं फूल ठेवलं, आणि संध्याकाळी मयत इसम जेवायला हजर.

तर तुमच्या हातून गेलेल्या जिवांच्या यादीतून एक नाव कमी झालं. राहिला अँथियास, आणि त्याचा हिशोब मला जरा वेगळा मांडायचाय. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन सुमारे वीस टक्के कमी मावतो, पाणी तापलं की आणखी कमी. अँथियास सतत पोहणारा मासा, त्याला श्वास जास्त लागतो, म्हणून पहिला तोच जातो. सात तास पाणी हललं नाही, मे महिना, नाशिकचा उकाडा, दुसरं काय होणार होतं. तुम्हीच लिहिलंय की घरात इन्व्हर्टर आहे आणि त्या रात्री पंखे आणि टीव्ही चालू होते. म्हणजे वीज होती घरात! टँकची पिन त्या बोर्डवर नव्हती एवढंच. ते वायरिंग तुम्ही केलेलं नाही. २०२२ पासून २०२५ पर्यंत कोणाला सुचलं नाही की लाइट गेली तर काय, कारण तो घरी होता तेव्हा बहुतेक बादलीने पाणी वरून ओतत बसत असेल. मी नवऱ्याला बोल लावतोय असं नाही हं, आम्ही सगळे असेच आहोत, सत्तर हजाराचा लाइट लावू पण पाचशे रुपयांचा बॅटरीवाला एअरपंप आणायचं रोज उद्यावर जातं.

"सगळं ऑटोमॅटिक आहे" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय ना. रीफ टँकमध्ये ऑटोमॅटिक काय असतं तर यंत्रं. स्किमर पाण्यातली घाण फेसातून काढतो, डोसिंग पंप कोरलला लागणाऱ्या क्षारांचे थेंब टाकतो, चिलर पाणी थंड ठेवायला चालू बंद होतो. यातलं एखादं बिघडलंय हे कळायला मात्र माणूस लागतो. पाणी जरा गढूळ का, लेदर आज उघडला का नाही, पंपाचा आवाज का बदलला. समुद्र एवढा मोठा आहे की तिथे काही बदलायचं तर वर्षं लागतात, आपल्याकडे १९० लिटर, त्यातलं दगड-वाळूने खाल्लेलं वजा करा, इथे एका रात्रीत सगळं फिरतं. समुद्र घाट चढून नाशिकला आणलाय म्हटल्यावर त्याच्याजवळ कोणीतरी बसायला लागणारच. आणि ते गेले सहा महिने कोण करतंय?

इथे मला तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीवर बोट ठेवायचंय. चार पानांत तुम्ही अकरा वेळा "त्याचा टँक" लिहिलंय, मी मोजलं. आणि त्याच चार पानांत हे पण लिहिलंय की मार्चमध्ये कोरल आकसलेली दिसली म्हणून तुम्ही स्वतःहून सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, मोजली, रीडिंग विचित्र आलं तेव्हा आरओचं पाणी टाकून रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) शून्यावर आहे का बघितलं, तो बरोबर निघाला, म्हणजे पाणीच खारट झालंय हे ताडलं आणि तीन दिवसांत थोडं थोडं करून खाली आणलं. ताई, पाच पाच वर्षं टँक ठेवणारे लोक रिफ्रॅक्टोमीटर कधी तपासत नाहीत. दुसरं म्हणजे तुम्ही लिहिलंय, "दिवा बंद झाला की ती लेदरच्या मागे जाते, तो मात्र पाच मिनिटं उशिरा जातो." मोठीला ती, छोट्याला तो. तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? कारण ते बरोबर आहे. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच मोठे होतात आणि जोडीत जो वरचढ आणि मोठा तो मादी होतो, ती गेली तर उरलेला नर काही आठवड्यांत मादी होतो. तुम्ही नुसतं बघून ओळखलंत.

मग "मला यातलं काही कळत नाही" हे तुमच्या प्रश्नामागचं गृहीत मला मान्य नाही. दुसरं गृहीत असं की पर्याय दोनच आहेत, आहे तसा चालवा नाहीतर बंद करा. अहो, आहे तसा टँक नवऱ्यासाठी बांधलेला आहे, त्याच्या वेळेवर, त्याच्या हौसेवर. तुमच्या नोकरीवर, मुलाच्या शाळेवर बेतलेला टँक वेगळा असू शकतो, त्याच काचेत.

त्याआधी मिठाचं एकदा सांगून टाकतो कारण ही चूक निम्मे वाचक करतात. टँकमधून वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. म्हणून टॉपअप नेहमी बिनमिठाच्या पाण्याने. नाशिकला उन्हाळ्यात रोज चार पाच लिटर सहज उडतं. पाच लिटर समुद्राच्या खारटपणाचं पाणी म्हणजे साधारण पावणेदोनशे ग्रॅम मीठ, रोज तेवढं जास्तीचं, आठवड्यात सव्वा किलो. म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ चं १.०३० झालं. मीठवालं पाणी फक्त पाणी बदलताना. हे समजल्यावर कोणी परत ती चूक करत नाही, तुम्हीही केली नाहीत.

आता हलकं काय काय करता येईल ते बघू. पहिली सुट्टी रोजच्या अल्कलिनिटीला. ज्यांच्याकडे कडक कोरलचं जंगल आहे, जे रोज पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून सांगाडा बांधतात, त्यांना रोज मोजणं परवडतं. तुमच्याकडे लेदर, मशरूम, झोआ, हे फार काही ओढत नाहीत, एक हॅमर आहे तो हळू वाढतो. दर रविवारी वीस लिटर पाणी बदललं तर चांगल्या मिठातूनच सगळं भरून निघतं. डोसिंग पंप एकदम बंद करू नका, पंधरा दिवसांत निम्मा करा, मग अजून निम्मा, आणि रविवारी एकदाच मोजा. आकडा ८ आहे की ९ याने कोरलला फरक पडत नाही, सकाळी ७ आणि रात्री १० झाला तर पडतो. उलट सांगतो, अडकलेल्या डोसिंग पंपाने रात्रीत अख्खी बाटली टँकमध्ये ओतल्याची उदाहरणं मी स्वतः बघितलीत. जे यंत्र लागत नाही ते काढलं की बिघडायला एक गोष्ट कमी.

शेवाळाचं दुखणं बहुतेक पाण्यात आहे. तुम्ही लिहिलंय की आरओ-डीआयचं (पाण्यातले सगळे क्षार काढणारं) मशीन मार्चपासून "हळू" झालंय म्हणून कधी कधी स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी घेता. तिथेच गडबड. आपल्या प्यायच्या प्युरिफायरमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं किंवा मिनरल घातलेले असतात, टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) धरा, साठ-सत्तर दाखवेल. टँकला शून्य लागतं. नवऱ्याच्या खणात तो पेनासारखा मीटर नक्की असेल. मशीनचा पुढचा सेडिमेंट फिल्टर तुंबला असेल आणि डीआयचा रेझिन संपला असेल, पारदर्शक नळीत असेल तर त्याचा रंग बदललेला दिसेल. दोन्ही बदला. मग लाइट आठ तासांवर आणा, मांस-कोळंबीचे गोठवलेले क्यूब टाकायच्या आधी चहाच्या गाळणीत धुवून घ्या, खाणं दिवसातून एकदा आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच. शेवाळ हाताने आणि जुन्या टूथब्रशने उपटायचं, पाणी बदलतानाच, म्हणजे ते पाइपमधून बाहेर जातं. दोन-तीन टर्बो स्नेल आणा. एका महिन्यात जाणार नाही, तीन महिन्यांत जाईल. शेवाळ मारायचं बाटलीतलं औषध कोणी देत असेल तर घेऊ नका, त्यात तांबं असलं तर स्नेल आणि श्रिंप दोन्ही जातील आणि या वेळी कात नसेल.

पण ब्रश करताना हातमोजे. हे मोठ्या अक्षरात छापा असं मी संपादकांना सांगितलंय. झोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, माणसाला दवाखान्यात पोचवण्याइतकं जहाल. झोआ लागलेला दगड कधी उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, कोरडा घासायचा नाही, हाताला चीर असेल तर टँकमध्ये हात नाही. आणि सहा वर्षांच्या मुलाचा हात तर मुळीच नाही, त्याला खायला घालायचं काम द्या, वरून, चमच्याने.

वीज. आज उद्यात इलेक्ट्रिशियन बोलवा आणि वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा) आणि रिटर्न पंप (खालच्या टाकीतून पाणी वर आणणारा) एवढे दोनच इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. चिलर नको, लाइट नको. वेव्हमेकर एकटा चालला तरी पंधरा-वीस वॉट खातो, घरच्या दीडशे एएचच्या बॅटरीवर तो रात्रभर काय दुसऱ्या दिवशीपर्यंत ओढेल. त्याच माणसाकडून टँकच्या लाइनला ईएलसीबी (करंट गळला तर लाइन तोडणारा स्विच) आहे का बघून घ्या आणि वायरी प्लगच्या खाली झोक घेऊन मग वर जातील अशा बांधा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकतं. खारं पाणी आणि करंट यात मी गंमत करत नाही. फ्रीजरमध्ये दोन लिटरच्या दोन बाटल्या पाणी भरून कायम ठेवा, चिलर बंद पडला तर एक बंद बाटली संपमध्ये, म्हणजे त्या खालच्या टाकीत, तरंगत सोडायची. सुट्टा बर्फ टाकायचा नाही. तासाला एखादा डिग्रीच उतरू द्या.

बिलाचं सासूबाईंना सांगा की निम्मं त्यांचं बरोबर आहे. तुमचा चिलर अडीचशे-तीनशे वॉटचा असेल, उन्हाळ्यात दहा तास चालला तर तीन युनिट, लाइट एक युनिट, पंप-स्किमर मिळून दीड. महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिट, आणि ते नेमके वरच्या स्लॅबमध्ये जातात. नवऱ्याने चिलर २४ वर लावलाय असं तुम्ही लिहिलंय. २६.५ करा, दोन तीन दिवसांत हळूहळू. बिलातून बऱ्यापैकी उतरेल आणि कोरलना २६.५ अगदी चालतं. तीस-एकतीसच्या वर दिवसेंदिवस राहिलं तर मात्र कोरल आपल्या अंगातलं शैवाल टाकून देतं आणि पांढरं पडतं, समुद्रातही २०१६ ला आणि २०२४ ला मोठ्या प्रमाणावर हेच झालं. पापाचं मी काही बोलत नाही, पण मासे बघायला सगळ्यात जास्त वेळ त्याच बसतात हे तुम्हीच लिहिलंय.

ब्लू टँग मात्र जाऊ द्या. दुकानात तो बोटाएवढा होता, पूर्ण वाढला की फूटभर होतो आणि त्याला पळायला लागतं, तीन फुटात तो आयुष्यभर येरझाऱ्या घालेल. वर त्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चटकन होतो आणि मग सगळ्यांना होतो. सहा फुटी टँकवाला कोणीतरी शोधून द्या, पैसे नाही मिळाले तरी चालेल. तो गेला की खाणं निम्मं, घाण निम्मी, शेवाळ कमी. नवऱ्याला वाईट वाटेल. वाटू द्या, चार दिवस.

आता हॅमरबद्दल, आणि हे इतर वाचकांनी पण वाचा. हॅमर हे कडक कोरल आहे, आणि आपल्याकडे सगळी कडक कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. काळं कोरल, सी फॅन, ऑर्गन पाइप, फायर कोरल हीपण. समुद्री घोडे त्याच वर्षी आले. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला मेलेला पांढरा तुकडा शोकेसमध्ये ठेवणंही त्यात येतं, लोकांना हे माहीतच नसतं. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजी अलीच्या खडकांवरची कोरल हलवायची होती तर सरकारी यंत्रणेलाही रीतसर परवानगी काढून, शास्त्रज्ञ लावून ती २०२० मध्ये हलवावी लागली, आणि इथे दुकानदार म्हणतो घेऊन जा साहेब, सगळे ठेवतात. तुमचा तुकडा परदेशातून रीतसर आला असेल तर त्याची आयातीची कागदं असतात. नवऱ्याला ती कागदं विचारा, "बिल आहे" एवढ्यावर थांबू नका. कागदं नसतील तर तो विकू नका, कोणाला भेट देऊ नका, ऑनलाइन फोटो टाकू नका, आधी एखाद्या वकिलाशी बोला आणि मग वन विभागाशी. घाबरवत नाहीये, पण घरात तुम्ही आहात, जर्मनीत तो आहे.

बंद करायचं ठरवलंत तर? तोही पर्याय खराच आहे आणि त्यात स्वप्नबिप्न काही मोडत नाही, काच विकली तरी माणूस परत येऊन दुसरी घेऊ शकतो. फक्त उलट्या क्रमाने जा. आधी मासे, जोडी फोडू नका, दोन्ही क्लाउन एकाच घरी. मग मऊ कोरल, दगडासकट, पाण्यात बुडवूनच. मग दगड, जे ओले असेपर्यंतच जिवंत, वाळवायला गच्चीवर टाकलेत तर अख्खी सोसायटी वर येईल वासाने. शेवटी यंत्रं, निम्मे पैसे आले तर नशीब. आणि काहीही झालं तरी एकही मासा समुद्रात सोडायचा नाही, पुण्य म्हणूनसुद्धा नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावर कोणीतरी हौशी लोकांनी लायनफिश सोडले, तो तिकडचा मासाच नव्हे, आज अटलांटिकमध्ये तो लहान माशांचा फडशा पाडतोय आणि कोणाला आवरत नाही. गोदावरीत सोडलात तर खाऱ्या पाण्याचा जीव मरेलच, पुण्य तेवढंच.

पण माझं मत विचाराल तर, आत्ता बंद करू नका. सप्टेंबरअखेरपर्यंत हलका करून चालवा. तेव्हाही रविवार टँकपायी नकोसा वाटला तर बिनधास्त बंद करा, मला विचारायचीही गरज नाही. आत्ताची तुमची थकावट टँकची कमी आणि नऊच्या फोनची जास्त वाटते मला. नऊ वाजता दिवसभराचं काम करून, मुलाला झोपवून तुम्ही टेस्ट किटमध्ये थेंब मोजता आणि तिकडून "८.१ का? काल ८.३ होता" येतं. हे परीक्षेला बसल्यासारखं झालं. नवऱ्याला सांगा रिपोर्ट रविवारी, एकदा, फोटोसकट. नवीन वस्तू कुरियरने येणं बंद, या टँकमध्ये आता काय येणार आणि काय जाणार ते तुम्ही ठरवणार. महिन्यातून दोनदा पाणी बदलायला येणारा मुलगा त्याने लावून द्यावा आणि त्याचे पैसे त्याने द्यावेत, नाशिकमध्ये मरीन करणारे थोडे आहेत पण आहेत, तुमचा दुकानदार सांगेल. तेवढं त्याच्याकडून निघायलाच हवं.

आणि एक शंका, चूक असेल तर सोडून द्या. परक्या गावात एकट्या खोलीत बसलेल्या माणसाला घरी फोन करून काय बोलायचं सुचत नाही हो. मुलगा दोन मिनिटांत पळतो, आईशी तब्येत झाली, मग उरतं काय, तर अल्कलिनिटी. मी तीन वर्षं मस्कतला होतो, रोज फोनवर बायकोला विचारायचो की गॅलरीतल्या टाकीचा बॉल कॉक गळतोय का. तो गळत नव्हता. त्याला नऊला रीडिंगऐवजी पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल टँकसमोर धरून करा, बघू दे त्याला, तुम्ही काही मोजू नका.

जाता जाता, नवीन टँक लावायच्या विचारात असलेल्या वाचकांना, कारण प्रत्येक वेळी चार तरी ईमेल येतात. छोटा घेऊन सुरुवात करू नका, कमी पाणी म्हणजे जास्त झटके, तीन फूट बरा. वजन बघा, एवढ्या टँकचं स्टँड-दगडासकट अडीचशे किलोच्या वर जातं, भिंतीलगत बीमजवळ ठेवा, जुनी बिल्डिंग असेल तर इंजिनिअरला विचारा. जुहूचं किंवा अलिबागचं पाणी कॅनमधून आणायचं डोक्यातून काढा, आपल्या किनाऱ्याला सांडपाणी आहे आणि पावसाळ्यात खारटपणा पार उतरतो. पाणी भरून दगड टाकल्यावर चार ते सहा आठवडे एकही मासा नाही, अमोनिया खाणारे जिवाणू दगडात वसायला तेवढा वेळ लागतो. दुकानदार म्हणतो आठवड्यात तयार, त्याचं भाडं आठवड्याने असतं. क्लाउनफिश हॅचरीतलाच मागा, कोचीच्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) त्याची पिल्लं वाढवायचं तंत्र केव्हाच बसवलंय, समुद्रातून धरलेला घ्यायचं काही कारण नाही. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा. मदत कर म्हणून नाही, तर मी दहा दिवस नसलो तर तू हे करशील का म्हणून. उत्तर नाही आलं तर थांबा. मी एकदा गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा देऊन गेलो होतो, पाच दिवसांत त्यांनी प्रेमाने डबा संपवला. दार उघडल्यावर जो वास आला तो अजून आठवतो.

आता ताई, ती मोठी क्लाउन. काच वेड लागून पुसत नाहीये. लेदरच्या खाली, मागच्या काचेवर तळहाताएवढी जागा ती रोज तोंडाने साफ करतेय, तोपण मध्ये मध्ये येऊन करतो, बरोबर? ती अंडी घालायची जागा लावतेय. संध्याकाळच्या सुमाराला नारिंगी दाण्यांची एक चकती दिसेल, मग तो तिथून हलणार नाही, पंखांनी वारा घालत बसेल, हात घातलात तर तुम्हालाही चावेल. आठवड्याभरात दाणे चंदेरी होतात, आत डोळे दिसतात, आणि एका रात्री दिवे गेल्यावर पिल्लं फुटतात. पहिल्या खेपेची बहुतेक अंडी ते स्वतःच खातात, तेव्हा खाल्ली तर वाईट वाटून घेऊ नका, त्यात तुमची चूक नसेल. रविवारी काच साफ करताना तेवढी जागा मॅग्नेटने घासू नका. आणि ही बातमी नवऱ्याला रिपोर्टमध्ये देऊ नका, फोन करा, दुपारी, त्याच्या ऑफिसच्या वेळेत.